श्वानांचा भयगंड आणि औषधोपचार

भाद्रपद शुद्ध चतुर्थी आणि आश्विन वद्य चतुर्दशी या दोन तिथींमध्ये सुमारे आठ आठवड्यांचे अंतर असते. चतुर्थीच्या फटाक्यांनी ज्या घरातील कुत्रा पलंगाखाली शिरला आणि दोन दिवस अन्नाला शिवला नाही, त्या घराच्या हाती नरकासुराच्या रात्रीपर्यंत एवढाच अवधी असतो. श्वानांच्या चिंताविकारावर दररोज द्यावयाच्या प्रमुख औषधांना आपला गुण दाखविण्यास लागणारा काळही जवळपास तेवढाच आहे. प्रत्यक्षात मात्र पशुवैद्याची आठवण होते ती धनत्रयोदशीच्या संध्याकाळी, आणि त्या वेळी मागणीही एकच असते: काहीतरी झोपेचे द्या. ही मागणी उशिराची तर असतेच, शिवाय ती चुकीच्या गोष्टीची असते. झोप येणे आणि भीती जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. श्वानांच्या भयगंडावरील आधुनिक औषधोपचाराची सारी मांडणी या एका भेदावर उभी आहे.

गोव्यात आवाजाचा हंगाम दिवाळीपाशी संपत नाही. जत्रांमधील दारूकाम, गावोगावच्या फेस्तांची आतषबाजी, नाताळ आणि ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री जाळला जाणारा ‘जुना माणूस’ असा हा क्रम चालतो. त्यात ढगांच्या गडगडाटाची भर पडते. आपल्याकडे विजांचा खरा कडकडाट भर आषाढात क्वचितच होतो. मे महिन्यातील वळवाच्या सरी आणि ऑक्टोबरमधील परतीचा पाऊस हे त्याचे दिवस. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो, तर कुत्र्याच्या श्रवणाची मर्यादा सुमारे ४५,००० हर्ट्झपर्यंत पोहोचते. आपल्याला दूर कुठेतरी वाजल्यासारखा वाटणारा फटाका त्याच्या कानी कसा पडत असेल, याचा अंदाज यावरून करता येईल.

भीती, चिंता आणि भयगंड

हे तीन शब्द आपण बोलताना एकाच अर्थाने वापरतो. पशुवैद्यकशास्त्र त्यांत फरक करते. समोर प्रत्यक्ष धोका असताना उत्पन्न होते ती भीती. ती आरोग्याचे लक्षण आहे, कारण धोका टळला की तीही ओसरते. धोका अजून आलेला नाही, पण तो येणार या अपेक्षेने प्राणी अस्वस्थ राहतो ती चिंता. मालकाने चपला पायात घालताच, किल्ल्यांचा जुडगा उचलताच जो कुत्रा धापा टाकू लागतो, त्याला चिंता आहे. मालक तर अजून दारातच उभा असतो. भयगंड ही तिसरी अवस्था. येथे प्रतिक्रिया कारणाच्या मानाने कितीतरी मोठी असते, कारण दूर झाल्यावरही ती तासन्‌तास टिकते आणि विशेष म्हणजे वारंवार अनुभव येऊनही सवयीने ती कमी होत नाही, उलट वाढते. ‘दोन-चार दिवाळ्या पाहिल्या की सरावेल’ हा दिलासा भयगंडाच्या बाबतीत खोटा ठरतो. यंदा फटाक्यांना घाबरणारा कुत्रा पुढील वर्षी ढगांना घाबरतो, नंतर मिक्सरला, मग भांडे पडल्याच्या आवाजाला.

हा विकार विरळाही नाही. फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठातील संशोधकांनी १३,७०० पाळीव कुत्र्यांची माहिती गोळा करून २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चिंतेशी निगडित वर्तनदोषांमध्ये आवाजाची भीती सर्वांत अधिक आढळली. तिचे प्रमाण ३२ टक्के होते. ही पाहणी मालकांनी भरून दिलेल्या प्रश्नावलीवर आधारलेली होती आणि फिनलंडचे कुत्रे म्हणजे आपले कुत्रे नव्हेत, हे मान्य केले तरी दर तीन कुत्र्यांमागे एक हा आकडा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

लक्षणे ओळखण्यात आपण कमी पडतो. थरथरणे, लपणे, शेपूट पोटाशी घेणे हे कोणालाही कळते. परंतु वारंवार जांभया देणे, ओठ चाटत राहणे, कान मागे टाकणे, उकाडा नसताना धापा टाकणे, लाळ गळणे, आवडता खाऊ समोर असूनही न घेणे, घरभर येरझारा घालणे आणि मालकाच्या पायांना चिकटून राहणे हीसुद्धा भयाचीच भाषा आहे. एकटा राहू न शकणारा कुत्रा दाराची चौकट कुरतडतो, घरात लघवी करतो, शेजाऱ्यांची तक्रार येईपर्यंत भुंकत राहतो. याला ‘राग काढतो’ किंवा ‘मस्ती आली आहे’ असे म्हटले जाते आणि शिक्षा दिली जाते. दाराची चौकट दाताने फोडताना ज्याच्या हिरड्यांतून रक्त आले, तो प्राणी सूड घेत नसतो.

शरीरात काय घडते

धोक्याची जाणीव होताच मेंदूतील अमिग्डाला हा भाग जागा होतो. त्याच्या इशाऱ्याने एड्रेनालिन आणि नॉरएड्रेनालिन ही द्रव्ये उसळतात. हृदयाची गती वाढते, बुबुळे विस्फारतात, पचन थांबते. पाठोपाठ कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात उतरते. दर वेळी हा अनुभव स्मृतीत अधिक खोल कोरला जातो. भीतीच्या परिसीमेला पोहोचलेला मेंदू नवे काही शिकू शकत नाही. शिकतो ते एवढेच की हा आवाज भयंकर आहे. औषधाची गरज येथे निर्माण होते. कुत्र्याला नव्याने शिकविता यावे इतपत त्याचा मेंदू शांत ठेवणे, हे औषधाचे काम. शिकवण्याचे काम मात्र औषध करीत नाही.

या विषयाचा एक जुना धागा इव्हान पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेपर्यंत जातो. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडमध्ये मोठा पूर आला आणि त्यांच्या प्रयोगांतील कुत्रे पिंजऱ्यात जवळजवळ बुडता बुडता वाचले. पूर ओसरल्यावर दिसले ते असे, की काही कुत्र्यांना पूर्वी शिकविलेले सारे विसरल्यागत झाले आहे. काही महिन्यांनी दाराखालून पाण्याची बारीक धार आत सोडताच त्यांच्यात तीच घबराट पुन्हा उसळली. पाव्हलॉव्ह यांनी अशा बिघडलेल्या कुत्र्यांवर ब्रोमाइडचे क्षार वापरून पाहिले होते. प्राण्याच्या मनोविकारावर औषध देण्याची कल्पना म्हणजे आजच्या लाडावलेल्या श्वानपालकांचे फॅड, असे मानणाऱ्यांनी हा इतिहास ध्यानी घ्यावा. शंभर वर्षांपूर्वी हे करणारा माणूस कुत्र्यांबद्दल फारसा हळवा नव्हता.

औषधापूर्वी

पहिली पायरी तपासणीची. वर्तनात एकाएकी झालेला बदल पुष्कळदा शारीरिक व्याधीतून येतो. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी २०१८ मध्ये आवाजाला घाबरणाऱ्या वीस कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. त्यांतील दहा कुत्र्यांना सांधे वा स्नायूंचे दुखणे होते आणि त्यांच्यातील आवाजाची भीती वेदना नसलेल्या कुत्र्यांच्या तुलनेत बरीच उशिरा, प्रौढ वयात सुरू झालेली आढळली. दचकताना अंग आखडते, आखडल्याने दुखते आणि आवाज व वेदना यांची सांगड बसते, असा त्याचा संभाव्य अर्थ आहे. अभ्यास लहान आहे, पण त्यातून निघणारा व्यवहार सरळ आहे: सात-आठ वर्षांचा लॅब्रॅडोर आयुष्यात प्रथमच ढगांना घाबरू लागला असेल तर आधी त्याची कंबर आणि गुडघे तपासून घ्यावेत. यकृत व मूत्रपिंडाचे कार्य पाहण्यासाठी रक्ततपासणी होते, कारण बहुतेक औषधांचे विघटन आणि उत्सर्जन याच अवयवांमार्फत घडते. अपस्माराचे झटके, हृदयविकार, काचबिंदू, आधीपासून चालू असलेली औषधे यांची माहिती पशुवैद्याला न विचारता द्यावी.

त्यात एक गोष्ट सांगायची हमखास राहून जाते, ती गोचिडांच्या औषधाची. आपल्याकडे अमिट्राझ हे द्रव्य पाण्यात मिसळून कुत्र्याच्या अंगाला लावण्याची पद्धत सर्रास आहे; काही गळपट्ट्यांतही ते असते. अमिट्राझ मेंदूतील रासायनिक दूतांचे विघटन करणाऱ्या विकराला अडविते. पुढे वर्णन केलेली फ्लुओक्सेटिन आणि क्लोमिप्रामिन ही औषधे त्याच्यासोबत देऊ नयेत, कारण दोहोंच्या संयोगाने सेरोटोनिनचे प्रमाण धोकादायक पातळीला जाऊ शकते. अस्वस्थता, थरथर, ताप, जुलाब आणि शेवटी झटके अशी ही अवस्था असते. वेदनाशामक ट्रॅमाडॉलच्या बाबतीतही हीच सावधगिरी लागते. गोळी पशुवैद्याने लिहून द्यावी आणि गोचिडांचे औषध घरच्यांनी दुकानातून आणून परस्पर लावावे, असे घरोघर घडते. म्हणून हे विस्ताराने सांगितले.

रोजची औषधे

भयाचे कारण रोज किंवा वारंवार घडणारे असेल, उदाहरणार्थ मालक कामावर जाणे, किंवा कुत्र्याला अनेक गोष्टींची भीती वाटत असेल, तर दररोज द्यावयाचे औषध निवडले जाते. यांतील दोन औषधांना श्वानांसाठी अधिकृत मान्यता मिळालेली आहे. क्लोमिप्रामिन हे जुन्या त्रिचक्री अवसादरोधक वर्गातील औषध. श्वानांमधील वियोगचिंतेसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला १९९८ मध्ये मान्यता दिली. फ्लुओक्सेटिनला याच विकारासाठी २००७ मध्ये मान्यता मिळाली. दोन्ही मान्यतांमध्ये एक अट समान आहे: औषध वर्तनप्रशिक्षणाच्या जोडीने द्यावयाचे.

फ्लुओक्सेटिन मेंदूपेशींच्या सांध्यात सेरोटोनिन अधिक काळ टिकवून ठेवते. पण भीती कमी होते ती या पहिल्या परिणामाने नव्हे, तर त्यानंतर मेंदूतील ग्राहक हळूहळू स्वतःला जुळवून घेतात त्यामुळे. म्हणूनच गुण दिसायला चार ते सहा आठवडे, कधी आठही लागतात. पहिल्या आठवड्यात भूक मंदावणे, थोडी सुस्ती, क्वचित उलटी हे परिणाम दिसतात आणि बहुधा आपोआप निवळतात. नेमक्या याच काळात, ‘औषधाने गुण तर नाहीच, उलट जेवणही सुटले’ असे म्हणून घरचे लोक गोळी बंद करतात. उपचार फसण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे. मात्र कुत्र्याने अन्न पूर्ण वर्ज्य केले, तो पूर्वीपेक्षा चिडखोर झाला किंवा त्याला झटका आला, तर वाट न पाहता पशुवैद्याला कळवावे. क्लोमिप्रामिनने तोंडाला कोरड पडते, लघवी अडू शकते आणि हृदयातील विद्युतवहनावर परिणाम होऊ शकतो. हृदयविकार असलेल्या कुत्र्याला ते जपूनच दिले जाते.

मात्रेविषयी एक गोष्ट वाचकांना चकित करील. श्वानांसाठी फ्लुओक्सेटिनची मान्य मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम आहे. म्हणजे वीस किलोच्या कुत्र्याला २० ते ४० मिलिग्रॅम, जेवढे औषध सत्तर किलोच्या माणसाला नेहमी दिले जाते जवळपास तेवढेच. येथून दोन उलट चुका संभवतात. चिठ्ठी पाहून फार्मसीतील माणूस ‘एवढी मोठी मात्रा?’ म्हणून शंका काढतो आणि घरचे घाबरून अर्धीच देतात; किंवा ‘कुत्र्याला माणसाइतके औषध चालते’ असा समज करून घेऊन दुसरेच एखादे औषध त्याच हिशेबाने दिले जाते. प्रत्येक द्रव्याचे गणित स्वतंत्र आहे. म्हणूनच या लेखात इतर औषधांच्या मात्रा हेतुपुरस्सर दिलेल्या नाहीत.

रोजचे औषध सवय लावते, कुत्रा आयुष्यभर त्यावर अवलंबून राहतो, त्याचा स्वभाव हरवतो, अशा शंका वारंवार विचारल्या जातात. फ्लुओक्सेटिन हे व्यसन लावणारे द्रव्य नाही. योग्य मात्रेत कुत्रा पूर्वीसारखाच खेळतो, दारात आलेल्या माणसाला ओळखतो, खाण्यासाठी हट्ट करतो. तो भिंतीकडे पाहत नुसता पडून राहू लागला तर समजावे की मात्रा अधिक झाली आहे किंवा औषध चुकीचे निवडले आहे. गुण आल्यावर काही महिने औषध चालू ठेवून नंतर ते आठवड्यांच्या टप्प्यांनी उतरवीत नेतात. एकाएकी बंद करणे हानिकारक असते. काही कुत्र्यांना ते कायम लागते, आणि मधुमेही माणसाच्या गोळीपेक्षा त्यात अधिक नवल काही नाही.

प्रसंगापुरती औषधे

फटाके, वादळ, प्रवास, दवाखान्याची भेट अशा ठरावीक प्रसंगांसाठी जलद गुणकारी औषधे वेगळी असतात. ती एकटी दिली जातात किंवा रोजच्या औषधाच्या जोडीने. आपल्याकडे यासाठी बहुधा माणसांचीच औषधे पशुवैद्याच्या चिठ्ठीने वापरली जातात. ट्रॅझोडोन हे माणसांतील अवसादरोधक औषध आणि गॅबापेन्टिन हे झटके व चेतातंतूंच्या वेदनेवरील औषध, ही त्यांतील नेहमीची. दोन्ही प्रसंगाच्या साधारण एक ते दोन तास आधी द्यावी लागतात. किंचित झोक जाणे, पाय लटपटणे हे त्यांचे अपेक्षित परिणाम आहेत. जिन्यापासून आणि विहिरीपासून कुत्र्याला दूर ठेवावे.

अल्प्राझोलाम आणि डायझेपाम ही बेन्झोडायझेपिन वर्गातील औषधे त्याहून वेगाने काम करतात. त्यांचे दोन दोष ठाऊक असायला हवेत. काही कुत्रे या गोळ्यांनी शांत होण्याऐवजी उलट उत्तेजित होतात. आणि जो कुत्रा आतून चिडलेला आहे पण भीतीमुळे चावण्याचे टाळतो, त्याची भीती गेली की चावण्यावरील तो लगामही सुटू शकतो. चावण्याचा इतिहास असलेल्या कुत्र्याला ही औषधे देताना पशुवैद्य म्हणूनच हात आखडता घेतात. कुत्र्याने कधी गुरगुरून दात दाखविले असतील, तर संकोच न करता ते सांगावे.

परदेशांत खास श्वानांसाठी काही औषधे निघाली आहेत. डेक्समेडेटोमिडिनची जेल युरोपात २०१५ मध्ये मान्य झाली. ती गालाच्या आतील बाजूस, हिरडीलगत लावायची असते, गिळली गेली तर तिचा उपयोग होत नाही. देणाऱ्याने हातमोजे घालावेत आणि गरोदर स्त्रियांनी तिला हात लावू नये, असा इशारा तिच्यासोबत असतो. इमेपिटॉइन हे मुळात अपस्माराचे औषध; आवाजाच्या भीतीसाठी ते २०१८ मध्ये मान्य झाले आणि ते प्रसंगाच्या दोन दिवस आधीपासून सुरू करावे लागते. टॅसिपिमिडिन हे तोंडावाटे देण्याचे द्रव औषध २०२१ मध्ये युरोपात आले. ही उत्पादने आपल्याकडील औषधालयांत सहसा दिसत नाहीत. नातेवाइकांकरवी परदेशातून आणविलेली बाटली पशुवैद्याला न दाखविता वापरू नये, हे सांगायला नकोच.

या सर्व औषधांना दोन नियम सारखेच लागू पडतात. पहिला वेळेचा. औषध भीती सुरू होण्यापूर्वी पोटात गेले पाहिजे. पहिला फटाका वाजून कुत्रा थरथरू लागल्यावर दिलेली गोळी एड्रेनालिनच्या लोंढ्यापुढे निष्प्रभ ठरते. मग दुसरी दिली जाते, तिसरी दिली जाते, आणि मध्यरात्री आवाज थांबल्यावर तिन्हींचा अंमल एकदम चढतो. दुसरा नियम तालमीचा. औषधाची पहिली मात्रा एखाद्या शांत रविवारी, घरात सर्वजण असताना देऊन पाहावी. कुत्रा किती वेळाने सैलावतो, किती वेळ राहतो, उलट उत्तेजित तर होत नाही ना, हे वेळेसह लिहून ठेवावे. नरकासुराच्या रात्री प्रथमच दिलेले औषध म्हणजे अंधारातील प्रयोग होय.

गुंगीत दडलेली भीती

आता त्या झोपेच्या मागणीकडे वळू. अ‍ॅसेप्रोमाझिन हे शामक औषध पशुवैद्यकात कित्येक दशके वापरात आहे आणि दिवाळीत कुत्र्यांना एकटे तेच देण्याची प्रथा अनेक ठिकाणी होती. या औषधाने स्नायू शिथिल होतात, प्राणी निपचित पडतो, घरच्यांना हायसे वाटते. परंतु ते भीती कमी करीत नाही. आवाज ऐकू येतो, काहींच्या बाबतीत अधिक तीव्रतेने ऐकू येतो, आणि पळण्याची, लपण्याची शक्ती मात्र काढून घेतलेली असते. पुढील वर्षी तोच कुत्रा अधिक घाबरलेला का असतो, याचे उत्तर पुष्कळदा येथे सापडते. भयगंडावर एकट्या अ‍ॅसेप्रोमाझिनचा वापर करू नये, असे आज प्राण्यांच्या वर्तनशास्त्राचे जाणकार सांगतात. शिवाय त्याने रक्तदाब उतरतो. बॉक्सर जातीचे कुत्रे त्याला विशेष संवेदनशील असतात, कोली जातीतील एका जनुकीय दोषामुळे त्याचा अंमल लांबतो, आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांत खोल गुंगीमुळे श्वासमार्ग अडण्याचे भय असते. शहरांतून पग किती झाले आहेत, हे पाहता शेवटचा मुद्दा केवळ पुस्तकी राहत नाही.

घरगुती इलाजांची गोष्ट याहून वाईट. चमचाभर फेणी किंवा ब्रँडी पाजावी, हा सल्ला अजून कानावर येतो. मद्यार्क कुत्र्याला विषारी आहे. अल्प प्रमाणातही त्याने रक्तातील साखर व शरीराचे तापमान घसरते. भांगेचेही तसेच. आजोबांची झोपेची गोळी अर्धी करून देणे हा तिसरा प्रकार. येथे आपल्या बाजारपेठेचे एक वैशिष्ट्य आडवे येते. भारतात एकाच गोळीत दोन-तीन औषधे मिसळून विकण्याची पद्धत फार रूढ आहे. गॅबापेन्टिनसोबत नॉरट्रिप्टिलिन, अल्प्राझोलामसोबत प्रोप्रॅनोलॉल अशा जोड्या सहज मिळतात. चिठ्ठीत नुसते गॅबापेन्टिन असताना दुकानात ‘तेच आहे, त्यात थोडे दुसरे आहे’ म्हणून जोडगोळी हाती पडू शकते. वेष्टनावरील घटकद्रव्ये वाचून पाहावीत, आणि नावे एकाहून अधिक असतील तर पशुवैद्याला दूरध्वनी केल्याशिवाय गोळी देऊ नये. माणसांच्या काही पातळ औषधांत व साखरविरहित गोळ्यांत झायलिटॉल हा गोडवा असतो. माणसाला निरुपद्रवी असलेले हे द्रव्य कुत्र्याची रक्तशर्करा धोकादायकरीत्या उतरविते आणि यकृत निकामी करू शकते.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी झालेला पशुवैद्यच असे उपचार करू शकतो. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमाने ते ठरविलेले आहे. अल्प्राझोलाम आणि डायझेपाम ही औषधे एच-१ अनुसूचीत मोडतात. त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही औषधविक्रेत्याला ठेवावी लागते, आणि अमली पदार्थविरोधी कायद्यातील मनोव्यापारी द्रव्यांच्या यादीतही ती आहेत. कुत्र्यासाठी म्हणून तोंडी मागितल्यास विक्रेत्याने नकार दिला, तर तो आपले कर्तव्यच करीत असतो. चिठ्ठीवर प्राण्याचे वजन आणि मालकाचे नाव स्पष्ट लिहून घ्यावे.

औषधासोबत

स्वित्झर्लंडमधील बर्न येथील संशोधिका स्टेफनी रीमर यांनी फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांसाठी कोणता उपाय कितपत उपयोगी पडला, हे बाराशेहून अधिक श्वानपालकांना विचारले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत पशुवैद्याने लिहून दिलेल्या औषधांचा उपयोग झाल्याचे ६९ टक्के पालकांनी सांगितले. अंगाला घट्ट बसणाऱ्या जाकिटांबाबत हे प्रमाण ४४ टक्के होते. गंधद्रव्ये, वनौषधी, पूरके वगैरे उपाय त्याहून खालीच राहिले. सर्वांत लक्षवेधी ठरला तो अगदी बिनखर्चाचा मार्ग. प्रत्येक आवाजापाठोपाठ लगेच उत्तम खाऊ देणे किंवा आवडता खेळ खेळणे हे ७० टक्क्यांहून अधिक कुत्र्यांना उपयोगी पडले. मालकांची मते म्हणजे वैद्यकीय चाचणी नव्हे, हे खरे. तरी औषध आणि खाऊ हे दोन्ही एकाच उंचीवर दिसावेत, यात पुष्कळ काही आहे.

या खाऊच्या पद्धतीला मानसशास्त्रात प्रति-अभिसंधान म्हणतात. आवाज म्हणजे संकट ही जुनी सांगड मोडून आवाज म्हणजे सुक्या बांगड्याचा तुकडा अशी नवी सांगड घालायची. त्याच्या जोडीला ध्वनिमुद्रित फटाके ऐकू येतील न येतील इतक्या हलक्या आवाजात लावून, दिवसांमागून दिवस तो किंचित वाढवीत नेणे हा सराव. कुत्र्याने खाणे थांबविले की समजावे, आवाज फार वाढला. भयगंड जडलेला कुत्रा मुळात खाऊच घेत नाही, म्हणून सराव सुरूच होऊ शकत नाही. औषधाने नेमकी हीच कोंडी फुटते. चतुर्थी आणि दिवाळी यांमधील आठ आठवड्यांत पहिले चार ते सहा औषधाचा गुण येण्याचे आणि उरलेले सरावाचे, असा हिशेब ढोबळमानाने मांडता येतो.

घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतले तर भीती बळावते, हा समज आता सोडून द्यावा. भीती ही भावना आहे, बक्षिसासाठी केलेली कृती नव्हे. धीर दिल्याने ती वाढत नाही. त्याला कुशीत यायचे असेल तर येऊ द्यावे, पलंगाखाली जायचे असेल तर जाऊ द्यावे. ओढून बाहेर काढू नये, साखळीने बांधूनही ठेवू नये. घाबरलेला प्राणी बांधलेल्या साखळीतच स्वतःला इजा करून घेतो.

रस्त्यावरील कुत्र्यांना कळवळ्याने दुधातून गोळी देणारे लोक भेटतात. त्यांचा हेतू चांगला असला तरी हा प्रकार करू नये. कोणता कुत्रा किती प्यायला हे कळत नाही, त्याला इतर काय आजार आहे हे माहीत नसते, आणि गुंगीतला कुत्रा रस्त्याच्या मध्यभागी बसून राहतो. त्या रात्रीपुरते अंगणाचे फाटक उघडे ठेवून आडोसा आणि पाणी देणे अधिक उपयोगाचे.

प्रत्यक्ष रात्रीची तयारी दुपारीच सुरू होते. कुत्र्याला उजेडातच फिरवून आणावे आणि संध्याकाळच्या आत जेवू घालावे. गळपट्ट्यावर दूरध्वनी क्रमांक आहे ना, हे पाहावे. दिवाळीनंतरच्या सकाळी हरवलेल्या कुत्र्यांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर फिरतात, त्यांतील अनेकांच्या गळ्यात काहीच नसते. घरातील सर्वांत आतली खोली निवडावी, खिडक्या लावून पडदे ओढावेत, पण पंखा चालू ठेवावा, कारण धापा टाकणारा कुत्रा आपल्या दमट हवेत बंद खोलीत लवकर तापतो. रेडिओ किंवा दूरदर्शनचा एकसुरी आवाज चालू असू द्यावा. गोळीची वेळ ठरविताना शेजारच्या वाड्यावरील नरकासुराची मिरवणूक केव्हा निघणार, हे विचारून घ्यावे. फटाक्यांना आठ ते दहा हीच वेळ, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा आदेश असला, तरी गोळी त्या भरवशावर देता येत नाही. दुसऱ्या दिवशी कुत्रा कधी जेवला, किती वेळ लपून होता आणि औषधाचा अंमल केव्हा उतरला, हे त्याच वहीत टिपून ती वही पुढील भेटीला पशुवैद्याकडे न्यावी. नाताळ आणि ३१ डिसेंबरची मात्रा त्यावरून ठरते.